तिसऱ्या खोलीचा सेटपॉइंट

पहाटे सव्वाचारला आबांनी नानांना फोन केला. "नाना, तीन नंबरचं टेंपरेचर नऊच्या खाली गेलंय. सेन्सर उडाला वाटतं."

सेन्सर उडाला नव्हता. आबांनी खोलीचं दार उघडून हात आत घातला तेव्हाच त्यांना ते कळलं. बाहेर एप्रिल अखेरची रात्र, रात्रीसुद्धा अंग चिकचिकत होतं, आणि आत माघातल्या पहाटेसारखा गारठा. पॅनेलवर पाहिलं तर सेटपॉइंट, म्हणजे खोली किती अंशांवर ठेवायची तो ठरवलेला आकडा, ५. तो असायला हवा होता १७.५. आबांनी आकडा परत १७.५ केला, पंखे तेवढे चालू ठेवले आणि मग फोन लावला.

जागा सावदा-रावेर पट्ट्यातली. नानांचं केळीचं रायपनिंग सेंटर, सहा खोल्या पिकवणीच्या, दोन प्रीकूलिंगच्या. आबा तिथं रात्रपाळीला. मी जळगाव एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल बनवतो. हे पॅनेल माझं नाही, ते बाहेरगावच्या एका पार्टीनं दिलेलं. मला बोलावलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, "पॅनेल वेड्यासारखं करतंय" एवढ्याच निरोपावर.

केळी न पिकवणाऱ्यांसाठी आधी आकड्यांचं सांगतो, नाहीतर ५ आणि १७.५ यांतला फरक कळणार नाही. पिकवणीची खोली साधारण १६ ते १८ अंशांवर ठेवतात, आर्द्रता ९० ते ९५ टक्के. पहिले २४ तास खोली बंद करून इथिलीन हा फळ पिकवणारा वायू सोडतात. आपल्याकडे त्याला १०० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत १०० भाग) परवानगी आहे, कार्बाइडला नाही. नंतर एक्झॉस्ट चालवून साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढावा लागतो, तो एका टक्क्याच्या वर गेला की पिकणं रेंगाळतं. आणि केळी १३ अंशांखाली गेली की तिला थंडी बाधते. साल धुरकट होते, सालीखाली तपकिरी रेषा उठतात, पिवळा रंग उघडतच नाही. गर खायला चांगला असतो, पण तो माल बाजारात कोणी हातात धरत नाही. मुद्दाम सांगायचं कारण, हे नुकसान त्या रात्री दिसत नाही. दोन दिवसांनी दिसतं.

तीन नंबरमध्ये त्या रात्री १० टनांच्या जागी ४ टनच माल होता. म्हणूनच दोन तासांत थंडी एवढी चढली. खोली भरलेली असती तर चार वाजता काटा कदाचित तेरा-चौदावर दिसला असता, आणि आबांनी तो रजिस्टरमध्ये लिहून चहा घेतला असता.

मी पोचलो तोवर गुन्हेगार ठरून गेला होता. एचएमआयवर, म्हणजे पॅनेलच्या दारावरच्या सात इंची टचस्क्रीनवर, बदलांची यादी राहते. त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं: तीन नंबर, सेटपॉइंट १७.५ वरून ५, वेळ २०:२१. लगेच खाली, एक्झॉस्ट बंद, २०:२२. युजर अॅडमिन. रात्री आठ वाजून एकवीस मिनिटांनी ड्यूटीवर होता दुपारच्या पाळीचा पोरगा, दोन ते दहाचा. त्याचं आणि नानांचं पगारावरून आठवडाभरापूर्वीच वाजलं होतं. मग काय, दोन अधिक दोन. पोराला सकाळी फोन करून नाना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पोरगा कामावर आलाच नाही.

मला ते पटेना, आणि त्याला कारण आबांचं रजिस्टर. दर दोन तासांनी सगळ्या खोल्यांचं तापमान हातानं लिहायचं, अशी नानांची जुनी शिस्त. पॅनेल आलं तेव्हा दादा, म्हणजे नानांचा पुण्याला नोकरी करणारा मुलगा, म्हणाला होता की आता हे रजिस्टर बंद करा. नानांनी केलं नाही. त्या पानावर तीन नंबरच्या रकान्यात असं होतं: आठ वाजता १७.६, दहाला १७.५, बाराला १७.५, दोनला १७.१, चारला ८.९. पहिले दोन आकडे पोराच्या निळ्या शाईत, पुढचे तीन आबांच्या काळ्या शाईत, जरा थरथरते.

सेटपॉइंट आठ एकवीसला ५ झाला असता तर दहापर्यंत खोली खाली यायला हवी होती. ती बारापर्यंत जागची हलली नव्हती. जे घडलं ते दोनच्या थोडं आधी. मी एचएमआयच्या सेटिंगमध्ये जाऊन घड्याळ बघितलं. माझ्या मनगटावर दुपारचे तीन, आणि तिथं साडेनऊ. बरोबर साडेपाच तासांचा फरक. कारखान्यातून आलेला ग्रिनिच टाइमझोन कोणी बदललाच नव्हता. वीस एकवीसमध्ये साडेपाच तास मिळवले की रात्रीचा एक एक्कावन्न. त्या वेळी पोरगा घरी झोपलेला आणि आबा पॅनेलपासून शंभर फुटांवर, जनरेटरच्या शेडमध्ये डिझेल मोजत होते. पॅनेलसमोर कोणीच नव्हतं.

नाना रजिस्टरकडे बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "मंग कोनं केलं?"

उत्तर मला द्यावंच लागलं नाही. मी पॅनेलसमोर उभा राहून घड्याळ दुरुस्त करत होतो, आणि माझ्या बोटाचा स्पर्श नसताना स्क्रीनचं पान बदललं. सेटिंगवरून मुख्य चित्र, तिथून पॅरामीटर. पाच नंबरच्या खोलीचा आकडा लिहायचा चौकोन उघडला. आकडे टाइप करायचं कीपॅड वर आलं. मागे उभे असलेले आबा म्हणाले, "भाऊ, हे आपोआप कसं होऊ राह्यलं?" त्या क्षणी मी काही हुशारी केली नाही. राउटरचा अॅडॅप्टर भिंतीतून उपटला. कीपॅड तसंच उघडं राहिलं, रिकामं.

आता हे दार उघडलं कसं, ते.

पॅनेल बसलं तेव्हा दादाला पुण्यात मोबाइलवर खोल्या बघायच्या होत्या. मागणी रास्त आहे. लाखोंचा माल आत असतो, बाप एकटा, लाइट जाते. पॅनेलवाल्यानं सांगितलं, एचएमआयमध्ये वेब सर्व्हर आहे, ब्राउझरमध्ये जसाच्या तसा स्क्रीन दिसेल. आधी सिमकार्डवाला राउटर लावून बघितला. चालेना. मोबाइल कंपन्या सिमला सहसा स्वतंत्र सार्वजनिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, देत नाहीत. हजारो ग्राहक एकाच पत्त्याआड बसवतात, आणि त्यासाठी १०० पॉइंट ६४ पासून सुरू होणारा पत्त्यांचा एक गट २०१२ पासून राखून ठेवलेला आहे. त्यामुळे आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही. खरं तर ही फुकट मिळालेली तटबंदी होती. तिला अडचण समजून गावातल्या केबलवाल्याकडून स्टॅटिक, म्हणजे कायम एकच राहणाऱ्या, आयपीचं ब्रॉडबँड घेतलं. मग ब्राउझरमध्ये पान उघडलं, पण अॅपमध्ये स्क्रीन येईना, कारण अॅपला आणखी दोन-तीन पोर्ट, म्हणजे त्या पत्त्यावरची नंबरवार दारं, लागत होते. एक एक पोर्ट शोधत कोण बसणार? राउटरमध्ये डीएमझेड नावाची सोय असते. तिथं एचएमआयचा पत्ता टाकला की बाहेरून येणारं सगळंच थेट त्याच्याकडे. अॅप चालू झालं. दादानं पुण्यातून खोलीचा दिवा लावून दाखवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांना तो दिवस अजून लख्ख आठवत होता.

त्या दिवसापासून एचएमआयचं वेब पान, व्हीएनसी (दुरून स्क्रीन बघायची आणि चालवायची सोय) आणि फाइली नेण्या-आणण्याचा एफटीपी, तिन्ही जगासमोर उघडे. वेब पान साध्या एचटीटीपीवर, म्हणजे पासवर्ड वाटेत कोणालाही वाचता येईल असा. पासवर्ड कंपनीतून आलेलाच, मॅन्युअलच्या पानावर छापलेला. बरं, तो बदलला असता तरी व्हीएनसीच्या जुन्या पद्धतीत पासवर्डची फक्त पहिली ८ अक्षरं धरली जातात. तुम्ही वीस अक्षरांचा ठेवा, पुढची बारा शोभेची.

नानांचा प्रश्न अगदी साधा होता: "आपलं सावद्याचं केळीचं शेड कोनाले सापडीन कसं?" कोणी शोधलंच नाही, हेच समजावणं अवघड. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. ऐकायला अफाट वाटतात. पण मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचं साधन आणलं, ते चांगल्या लाइनवर एका पोर्टसाठी हे सगळे पत्ते पाऊण तासाच्या आत ठोठावून येतं. शोडान नावाचं शोधयंत्र तर २००९ पासून हेच करतंय. कुठल्या पत्त्यावर कुठलं यंत्र बसलंय याची यादीच तिथं मिळते, बऱ्याचदा स्क्रीनच्या फोटोसकट. पोर्टचा नंबर ८० ऐवजी ८०८० केला की आपण लपलो, असं आमच्या धंद्यात कितीतरी जण मानतात. घराचा दरवाजा पूर्वेऐवजी पश्चिमेला केला, एवढंच ते. तो उघडाच आहे.

आत आलेल्याला केळीशी काही वैर असेल असं मला वाटत नाही. त्याला समोर इंग्रजी अक्षरं, हिरव्या-लाल बत्त्या आणि एक आकडा दिसला. आकडा बदलतो का बघितलं. बदलला. असल्या घटनांत हेतू शोधायला गेलं की आपण भलत्याच दिशेला जातो. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या अॅलिक्विप्पा गावच्या पाणी योजनेतलं यंत्र असंच कोणीतरी ताब्यात घेतलं. ते यंत्र इस्रायली कंपनीचं होतं म्हणून, असं स्क्रीनवर लिहूनच ठेवलं. पण आत जायची वाट राजकीय नव्हती. यंत्र इंटरनेटवर उघडं, आणि त्या जातीच्या यंत्रांचा कंपनीतून येणारा पासवर्ड ११११.

दुसरं उदाहरण मला या प्रकरणाला जास्त जवळचं वाटतं. फेब्रुवारी २०२१, फ्लोरिडातलं ओल्ड्समार गाव, पुन्हा पाणी योजना. ऑपरेटरला स्क्रीनवरचा माउस आपोआप हलताना दिसला आणि सोडियम हायड्रॉक्साइडचं प्रमाण १०० पीपीएमवरून ११,१०० झालं. त्यानं लगेच मागे आणलं. बातमी जगभर गेली. दोन वर्षांनी तिथल्याच एका माजी अधिकाऱ्यानं सांगितलं की हा हल्ला नसून कर्मचाऱ्याच्याच हातून झालेलं असावं. म्हणजे तिथं आधी बाहेरच्यावर संशय आणि नंतर घरच्यावर, आमच्याकडे उलट. दोन्हीकडे खरी उणीव एकच: कोणी, कुठून, नक्की किती वाजता बदललं याची धड नोंद नाही. सगळे एकाच नावानं आत येत असतील तर यादीतल्या "अॅडमिन"ला काही अर्थ नाही. तो मीही असू शकतो.

दुरुस्तीला पाच दिवस लागले. पहिलं काम म्हणजे पीएलसीतला, म्हणजे पंखे आणि कंप्रेसर चालवणाऱ्या पॅनेलमधल्या छोट्या संगणकातला, प्रोग्रॅम मूळ प्रतीशी ताडून बघणं. मूळ प्रत पॅनेलवाल्याकडून मिळवायला दोन दिवस गेले, ताडायला दहा मिनिटं. प्रोग्रॅमला कोणी हात लावला नव्हता, फक्त सेटिंगं बदललेली. एचएमआय मात्र पूर्ण पुसून नव्यानं भरला, फर्मवेअरसकट.

सर्ट-इनला, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळवायचं का, यावर घरात वाद झाला. २८ एप्रिल २०२२ च्या त्यांच्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते, आणि कारखान्यांतल्या कंट्रोल यंत्रणांवरचे हल्ले त्या यादीत आहेत. नानांना धास्ती, की मग पोलीस येतील, व्यापाऱ्यांत बोभाटा होईल. सहा तास तर आम्ही पोरावर ओरडण्यातच घालवले होते. दादानं उशिरा का होईना, मेल केला.

मग दार. डीएमझेड काढलं, पोर्ट बंद केले, स्टॅटिक आयपीसुद्धा सोडून दिला. पॅनेलमध्ये एक छोटा औद्योगिक राउटर बसवला, तो स्वतःच बाहेरच्या एका भाड्याच्या सर्व्हरकडे वायरगार्डचा बोगदा, म्हणजे कुलूपबंद खाजगी जोडणी, लावतो. फोनही त्याच सर्व्हरला लागतात. बाहेरून शेडकडे येणारं एकही दार नाही, त्यामुळे सिमकार्डवरसुद्धा चालतं. नानांचा, दादाचा आणि माझा, तीन फोन, तीन वेगळ्या चाव्या. कोणाचा फोन हरवला तर तेवढी एक चावी काढायची. सीसीटीव्हीचा डीव्हीआर त्याच स्विचवर होता, त्याचेही पोर्ट उघडे, तो वेगळ्या जाळ्यावर टाकला. याबद्दल अधिक लिहीत नाही, हा भाग आता कुठलाही बरा नेटवर्कवाला करून देतो.

माझा जीव अडकला होता तो दुसऱ्याच ठिकाणी. दादाला मी विचारलं, "वर्षभरात पुण्यातून तुम्ही सेटपॉइंट किती वेळा बदलला?" तो आठवून म्हणाला, "एकदा. आणि तोही बाबांनी परत केला." म्हणजे त्याला बघायचं होतं. बदलायची सोय त्यानं मागितलीच नव्हती. ती सोबत आली, कारण एचएमआयचा अख्खा स्क्रीन बाहेर दिला की बटणंही बाहेर जातात. आमच्या धंद्यात "रिमोट पाहिजे" म्हटलं की आम्ही हेच करतो, आणि कोणी विचारत नाही की डोळे पाहिजेत की हात.

म्हणून व्हीएनसीला फक्त बघण्यापुरता पासवर्ड ठेवला. वेब पान नव्यानं बनवलं, त्यात आठ खोल्यांचं तापमान, आर्द्रता, कंप्रेसर चालू की बंद, बस. एकही बटण नाही. बाहेरून आकडा बदलायचाच झाला तर तो थेट सेटपॉइंटमध्ये जात नाही, पीएलसीत "मागणी" म्हणून एका वेगळ्या जागी पडून राहतो. पॅनेलच्या दारावर किल्लीचा स्विच बसवला. कोणीतरी शेडमध्ये उभं राहून ती किल्ली फिरवली तरच पीएलसी मागणीतला आकडा उचलतो. आणि तेव्हाही तो १४ ते २० च्या आतला असेल तरच. ही मर्यादा पॅनेलवरच्या स्क्रीनलाही लागू आहे, आबांनी चुकून १.७५ टाकलं तरी यंत्र ऐकणार नाही.

मर्यादा स्क्रीनमध्ये न घालता पीएलसीत घालण्याचं कारण आहे. स्क्रीन आणि पीएलसी आपसांत मॉडबसमध्ये बोलतात. ही भाषा १९७९ मधली, एका पॅनेलमधल्या तारांवर बोलण्यासाठी केलेली. तिच्यात पासवर्ड नावाची गोष्टच नाही. ५०२ नंबरच्या पोर्टवर जो येऊन म्हणेल "अमुक जागी ५ लिही", त्याचं ती ऐकते. त्यामुळे स्क्रीनवर कितीही कुलपं लावली तरी जाळ्यात शिरलेला माणूस त्यांना वळसा घालून जातो. शेवटचा नकार पीएलसीनंच द्यायला हवा.

त्याच्याही खाली एक जुनाट वस्तू लावली: केशनळीचा साधा यांत्रिक थर्मोस्टॅट, प्रत्येक पिकवणी खोलीत एक, १३ अंशांवर. काटा त्याखाली गेला की तो कूलिंगच्या गॅसच्या लाइनवरचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर चालणारी झडप, सरळ बंद करतो. त्याला ना आयपी, ना पासवर्ड. नाना सगळ्यांत खूश यावर झाले. "हे पहिलेच का नाही लावलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मीसुद्धा लावत नाही. गिऱ्हाइकाला सात इंची रंगीत पडदा दाखवला की थर्मोस्टॅटची आठवण कोणालाच राहत नाही.

अलार्मसाठी मोडेम बसवला. मेसेज कोणी वाचत नाही, म्हणून तो मिस्ड कॉल देतो. आधी आबांना, पाच मिनिटांत कोणी पॅनेलवर पोच दिली नाही तर नानांना.

हिशेब असा. त्या रात्री एक्झॉस्टही बंद झाला होता, पण साठलेला कार्बन डायऑक्साइड आबांनी चार वाजता दार उघडलं तेव्हाच निवळला. कूलिंग युनिटच्या थेट झोताखालचे बॉक्स तिसऱ्या दिवशी धुरकट निघाले, ते वेगळे काढून पडेल भावात दिले. मागच्या थप्पीला काही झालं नाही. गराचं तापमान तिथं तेराच्या वरच राहिलं होतं.

एक गोष्ट कबूल करतो. सावद्याहून परत येताना भुसावळच्या फाटकावर गाडी थांबली, तेव्हा मला आठवलं की एका डाळमिलमध्ये आणि एका चटईच्या कारखान्यात मीच दोन वर्षांपूर्वी असाच डीएमझेड मारलेला आहे. गिऱ्हाइकाला घाई होती, संध्याकाळ झाली होती, चाललं म्हटल्यावर मी निघालो होतो. त्या रात्री घरी जाऊन जेवायच्या आधी ते दोन्ही बंद केले. डाळमिलच्या शेटजींचा दुसऱ्या दिवशी फोन, "अॅप का चालत नाही?"

पोराकडे नाना स्वतः गेले, चौथ्या दिवशी. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. तो कामावर परत आला, आणि पगाराचाही विषय मिटला असं आबा म्हणाले. रजिस्टरमध्ये आता एक रकाना वाढलाय. पाळी सुरू होताना आपलं घड्याळ आणि एचएमआयचं घड्याळ, दोन्ही वेळा लिहायच्या. ही सूचना त्या पोराचीच.

महिन्याभरानं बिलाच्या निमित्तानं गेलो होतो. पॅनेलसमोर उभा राहिलो आणि बघतो तो काय, किल्ली स्विचमध्येच, "रिमोट"कडे फिरवलेली, हरवू नये म्हणून सुतळीनं दाराच्या मुठीला बांधलेली. दादाला एकदा बदल करायचा होता, त्यानं फोनवरून आबांना फिरवायला सांगितली, आणि परत फिरवायला सांगायचं दोघंही विसरले. मी काही बोललो नाही. लॅपटॉप काढला आणि पीएलसीत टायमर टाकला: किल्ली फिरवल्यापासून ३० मिनिटं, त्यानंतर किल्ली कुठेही असो, मागणी उचलायची नाही. पुन्हा हवं असेल तर किल्ली आधी "लोकल"वर आणून मग फिरवायची. सुतळी तशीच राहू दिली.